सुभद्रेचा गोष्टींचा तास

शुक्र. ४ जुलै
शाळेतून शांती टीचरचा फोन. पालकांपैकी कुणी झाडं लावतं, कुणी नाटकाचे कपडे शिवतं. माझी बायको सुभद्रा दर शुक्रवारी जेवणानंतर मुलांना गोष्टी सांगायची. ती फेब्रुवारीत गेल्यापासून तो तास रिकामाच.
"तुम्ही याल का सार? तुमची मैथिली वर्गात बोलत नाही. काही विचारलं तर मान हलवते फक्त."
मी कोर्टातला टायपिस्ट. मला कुठल्या गोष्टी येतात! तरी हो म्हणालो.

सोम. ७
मै.ला सांगितलं. दोसा खात होती.
"नक्को."
का म्हणून विचारलं, तर ताट सारलं. मी मराठीत बोलतो, ती तमिळमध्ये उत्तर देते. मराठी उरलंय ते हे "नक्को", तेही सु.सारखं मान वाकडी करून.

शुक्र. ११
तासाभराची परवानगी काढून गेलो. चटईवर बसलो. एका नव्या पोरीनं विचारलं, "मैथिलीची अम्मा कधी येणार?" टीचर खाली बघायला लागल्या. मीच म्हणालो, नाही येणार.
मगर आणि न्हाव्याची गोष्ट सांगितली, तमिळमध्ये. ही सु.ची स्वतःची, शाळेत कधी न सांगितलेली. वेण्णार नदीतली मगर दाढी करून घ्यायला काठावर येते. सु. मै.ला झोपवताना सांगायची तेव्हा पलीकडच्या खोलीत तुकडे तुकडे कानावर पडलेले. मुलं इतकी हसली की मलाही बरं वाटलं. मग मै.कडे लक्ष गेलं. मागे, भिंतीकडे तोंड करून बसलेली.
संध्याकाळी घरी येताना स्कूटरवर मला धरलं नाही. मागची दांडी धरून बसली.

शुक्र. १८
मुलांना न्हाव्याचीच हवी होती, शेवटासकट. शेवट मला ठाऊक नाही. बनवला. मगर आरशात स्वतःला बघते, लाजते, पाण्यात बुडी...
"तसं नाही!"
मै. उभी. मोठ्यानं, आणि मराठीत. वर्गात कुणाला कळलं नाही, सगळे वळून बघतायत. टीचरच्या डोळ्यांत पाणी, बोलली म्हणून.
मी म्हणालो, "मग कसं? तू सांग, माझ्या कण्णा."
तोंड उघडलं तिनं. काहीच आलं नाही. पळाली बाहेर.
पाण्याच्या टाकीमागे सापडली. शेजारी बसलो. म्हणाली, "आता सगळ्यांना तुमचीच आठवणार. अम्माची नाही."
रुमाल दिला, घेतला नाही.

सोम. २१
टीचरचा फोन. "बोलली ना सार! या शुक्रवारी नक्की या."
त्यांना ती टाकीमागची गोष्ट सांगितली नाही. कशी सांगणार...

गुरु. २४
संध्याकाळी डाळ निवडत होतो. मै. जवळ येऊन बसली, खडे काढायला लागली.
"अप्पा, मला पण आठवत नाही."
"काय?"
"शेवट. मगरीचा. मी रोज झोपून जायची त्याच्या आधी."
पापनाशमला सासूबाईंना फोन लावला. त्यांनी ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. "कुठली रे मगर?" म्हणाल्या, आणि मग रडायलाच लागल्या.
म्हणजे आता कुणालाच ठाऊक नाही.
मै. फोन संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. तिनं डाळीत हात घातला आणि तसाच ठेवला. मी तिचा हात धरला.

शुक्र. २५
सकाळी शाळेच्या फाटकाशी सोडलं. विचारलं, "आज येऊ मी?"
नक्को म्हणाली नाही. "या" असंही म्हणाली नाही. थोडं उभी राहिली, दप्तर सावरलं, आत गेली.
साहेबांनी परवानगी दिली आहे. जेवणाची सुट्टी संपत आली. स्कूटरची किल्ली हातात घेऊन बसलोय, अजून उठलो नाही.