उलटी बसलेली झडप

३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून दिले आहेत, त्यात जास्त काही शोधू नकोस.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ओरडतोस. कागदावर निदान आवाज चढत नाही, म्हणून पत्र. विषय बाबांच्या गाडीचा आहे.

बाबा गेल्याचं कळल्यावर तू आलास, माझ्याशी धड दोन शब्द बोलला नाहीस आणि गाडी काळा धूर सोडते म्हणून तिचं बॉनेट उघडून बसलास. मग आपलं वाजलं. तू हात पुसलेस, बॅग उचललीस आणि इंजिन तसंच उघडं टाकून चालता झालास. आज बॉनेट वर केलं तर आत रबरी नळ्या लोंबताहेत, एक जाड आणि बाकीच्या बारक्या. एकीचंही दुसरं टोक कुठे जातं ते कळत नाही. गाडी चालू होते, पण फाटकाबाहेरचा चढसुद्धा चढली नाही. म्हाताऱ्या बैलासारखी फुरफुरली आणि काळा ढग सोडून मागे घरंगळली.

वर माथ्यावर फुलोरा सुरू झाला आहे आणि मधपेट्या अजून खालीच आहेत. खालची फुलं संपली. माश्या मी साखरेच्या पाण्यावर जगवते आहे. भाड्याच्या गाडीवाल्यांना माश्या म्हटलं की ते लांबूनच हात जोडतात. म्हणजे बाबांची गाडी चालली तरच पेट्या वर जातील, नाहीतर इथेच संपतील.

बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस घरच्या गाडीच्या चार नळ्या जोडत नाही, ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव. ह्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. ते अजून तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, शिक्षकाला ढ मुलांची सवय असते.

कुठली नळी कुठे जोडायची तेवढं लिहून पाठव. बाकी तुझा लोभ तुझ्यापाशी ठेव.

ताई


८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. उत्तर फक्त माश्यांसाठी देतो आहे, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

डिझेल इंजिनावर एक छोटा पंप असतो, तो हवा ओढून घेतो. त्या ओढीवर ब्रेक हलका होतो आणि टर्बोही चालतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, चढावर ताकद त्याची. नळ्या निघाल्या की ओढ गेली. म्हणून गाडी चढत नाही.

जाड नळी पंपाकडून ड्रायव्हरच्या समोरच्या मोठ्या काळ्या ब्रेकच्या डब्याला. तिच्यात मध्ये एक प्लास्टिकची झडप आहे, तीही बसव. जाड नळीला एक फाटा आहे. त्या फाट्यातून बारकी नळी निघते आणि शेजारी शेजारी बसवलेल्या दोन विजेच्या झडपांना जाते. पहिलीतून निघालेली नळी टर्बोच्या पत्र्याच्या डबीला, दुसरीतून निघालेली धुराच्या झडपेला. झालं.

ह्याहून जास्त समजावत नाही. अंगणात उभी राहून तू म्हणाली होतीस की बाबांचं आणि गाडीचं सगळं तूच केलंस, आता तुला कोणाची गरज नाही. मग हेही कर.

आणि आपलं वाजलं असं मोघम लिहू नकोस. कशावरून वाजलं ते लिही. बाबा महिनोन् महिने अंथरुणावर होते आणि मला तू कळवलंस ते गेल्यावर. तेसुद्धा शेजारच्या घड्याळजींकरवी.

भावोजींना नमस्कार. तुझ्यासाठी वर एक लिहिला आहेच.

धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद पुढच्या वेळी बघू.

तू लिहिलंस तसं सगळं जोडलं. बॉनेटखाली दोन्ही कोपरं सोलवटली. हे टॉर्च धरून उभे होते. भूगोल शिकवणारा माणूस, मला विचारत होते की इंजिनाची उत्तर दिशा कुठली. शेवटी गाडी चालू केली तर धूर गेलेला, आवाज मोकळा. रिकामी गाडी घेऊन दोघं माथ्याकडे निघालो. बाबांच्या हातात चढायची तशी चढली. खरं सांगायचं तर वळणावर मला तुझ्याबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

उतरताना ब्रेकवर पाय दिला तर खाली दगड. पेडल हलेना. दोन्ही पाय ठेवून उभी राहिले तेव्हा गाडी जेमतेम मंदावली. खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गवताच्या गोदामाची भिंत दिसली तशी तिला गाडी घासत नेली. थांबलो. डाव्या बाजूचं दार आत गेलं आहे आणि ह्यांचं मनगट मोडलं. उजवं. फळ्यावर लिहायचा हात. डॉक्टर म्हणाले की नशीब चांगलं म्हणून मनगटावर भागलं.

गोदामापलीकडे काय आहे ते तुला माहीत आहे. लहानपणी तिथून दगड टाकून तो खाली पोचल्याचा आवाज यायची आपण वाट बघायचो.

मला एवढंच विचारायचं आहे. तुझं काही चुकून सांगायचं राहिलं होतं, की सांगायचं नव्हतं? पेट्या गाडीत असत्या तर. हे म्हणतात की असं विचारू नये, तो तुझा भाऊ आहे. मी विचारते आहे.

तुझी बहीण, अजून तरी


१७ मार्च

ताई,

मायना, नमस्कार काही सुचत नाही. गाडी हलवू नकोस. चाकांना दगड लाव आणि चावी भावोजींकडे दे.

जाड नळीतली झडप तू उलटी बसवली आहेस. दुसरं काही असूच शकत नाही. ती हवा एकाच बाजूने सोडते. ब्रेकच्या डब्याकडून पंपाकडे हवा गेली पाहिजे, परत येता कामा नये. नवीन झडपेवर बाण असतो, आपल्या गाडीच्या झडपेवरचा झिजून गेला आहे. ती काढ. तोंडात धरून फुंक. ज्या टोकातून फुंकल्यावर हवा पलीकडे जाते ते टोक ब्रेकच्या डब्याकडे. दुसऱ्या टोकातून फुंकर जाणार नाही, ते पंपाकडे.

बसवलीस की गाडी उभी असतानाच ही परीक्षा कर. इंजिन बंद असू दे. पेडल चारपाच वेळा दाब, ते कडक होईल. मग पाय दाबलेलाच ठेवून इंजिन चालू कर. पेडल पायाखाली जरासं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर फाटकाबाहेर जायचं नाही, मग माश्या मेल्या तरी चालतील.

टर्बोच्या डबीची नळीही तपास. तोंडाने ओढ, डबीची दांडी हलेल. नळीच्या तोंडावर जीभ दाबून धर. दांडी तिथेच थांबली तर ठीक, हळूहळू परत आली तर कुठेतरी चीर आहे. चीर नेहमी टोकाला असते. टोक कापून पुन्हा बसव.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी तुला मारायला निघालो होतो असं तू कागदावर लिहिलंस, पाकिटात घातलंस आणि तिकीट लावलंस. एवढ्या वेळात हात थांबला नाही तुझा. माझं पत्र मी रागात लिहिलं, त्यात फुंकून बघायचं राहिलं. ते मनगट माझ्या माथी, कबूल. पण तू जे केलंस ते राहून गेलेलं नव्हतं. तू रोज सकाळी उठून मला न कळवायचं ठरवत होतीस. बंदरापासून घर एका दिवसावर आहे. मी आलो असतो. मला बापाचं तोंड बघू दिलं नाहीस आणि वर मलाच विचारतेस की मी काय सांगायचं बाकी ठेवलं.

भावोजींना हाताबद्दल काय लिहू. त्यांचा हात धरून माफी मागायला हवी, आणि नेमका तोच प्लास्टरमध्ये.

धाकटा


२२ मार्च

चि. धाकट्यास,

अ. आ. या वेळी खरे.

झडप उलटीच होती. फुंकून कळलं. तोंडात अजून रबराची चव आहे. परीक्षा केली, पेडल खाली बसलं. एकदा करून खात्री पटेना म्हणून पुन्हा केली. तुझी चीरसुद्धा सापडली, टर्बोच्या नळीच्या टोकालाच होती. कापून बसवली. उद्या पहाटे माश्या बाहेर पडायच्या आत पेट्यांची दारं बंद करून निघणार.

आता ऐक, पुन्हा लिहिणार नाही.

तुला कळवू नकोस असं मला बाबांनी सांगितलं होतं. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा त्यांनी ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी रडले. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले की तो इतक्या लांबून आला म्हणजे मी मरतोय असं मला समजेल. तो येईपर्यंत मी आजारी आहे, तो आला की संपलो. मला आजारीच राहू दे.

मरणाऱ्या माणसाचं ऐकायचं की जिवंत भावाचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी त्यांचं ऐकलं. तुला तेव्हाच सांगितलं नाही, कारण त्या दिवशी वाजलं तेव्हा तू मला अंगणात सगळ्यांसमोर विचारलंस की घर एकटीला हवं होतं का. त्यानंतर तुला काही सांगावं असं वाटलं नाही. अजूनही फार वाटत नाही. पण तू बापाचं तोंड बघण्याचं काढलंस, म्हणून लिहिलं.

बरा राहा. हे डाव्या हाताने सही करायला शिकताहेत, ती कोंबडीने केल्यासारखी दिसते.

ताई


२७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र धक्क्यावर उभ्यानेच वाचलं आणि मग त्या दिवशी काम केलं नाही. मिस्त्री ओरडला, त्याला म्हटलं की घरी गडबड आहे. इतके दिवस मी त्याला घरच नाही असं सांगत होतो.

घराबद्दल अंगणात बोललो ते बोलायला नको होतं. तेवढं मागे घेतो. बाकीचा राग आहे, तो जात नाही. तुला मी खोटं पाडत नाही, बाबा असंच म्हणाले असणार, त्यांचाच आवाज ऐकू आला. पण तू मला सांगायला हवं होतंस. मी आलो असतो आणि गाडी बघायला आलोय म्हणालो असतो. धूर सोडते म्हणून. त्यांनी ते मानलं असतं. मी त्यांच्यासाठी येईन असं त्यांना कधी वाटलंच नाही, गाडीसाठी येईन हे त्यांना पटलं असतं. दिवसभर बॉनेटखाली राहिलो असतो आणि ते खिडकीतून सूचना देत बसले असते.

एवढी साधी गोष्ट होती. तुला सुचली नाही आणि मला विचारलंस नाही. हे मला लवकर गिळता येणार नाही.

पेट्या पोचल्या का ते कळव. भावोजींना सा. न., डाव्या हाताला सुद्धा.

धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

पेट्या वर पोचल्या. चढावर टर्बो शिटी घालत होता, उतारावर ब्रेक लोण्यासारखा. दोन वसाहती मात्र आधीच उपासाने गेल्या होत्या, वर दारं उघडली तर तळाशी नुसता काळा थर. तुझ्या रागाचा आणि माझ्या रागाचा मिळून तेवढा हिशेब झाला असं मी धरते. बाकीच्या पेट्यांतून माश्या भराभर निघाल्या आणि पहिल्याच दिवशी पायांवर पिवळं घेऊन परत आल्या.

तू लिहिलंस ते मी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की तुम्हा दोघांत मिळून एक शहाणा माणूस होतो, फक्त तुम्ही कधी एका खोलीत नसता. मी भांडी घासायला उठले. गाडीचं निमित्त मला खरंच सुचलं नाही. सुचायला हवं होतं. ते घासतानाच कळत होतं.

माझाही राग गेलेला नाही. तू समोर आलास की आपलं पुन्हा वाजेल, मला शंका नाही. गाडीच्या दबलेल्या दारावर ठोकलेला पत्रा तुला पसंत पडणार नाही, तू नावं ठेवशील, मी ऐकून घेणार नाही.

गाडी उत्तम आहे. तिचं काही काम नाही. तरी ये.

ताई