‘काठवर उभी’ हा अल्बम आणि त्यातली एक रिकामी जागा

मी, मृणाल सुरेश चौबळ, वय सदुसष्ट, निवृत्त बँक अधिकारी, राहणार पर्वत पाटिया, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कायदा मागत नाही. माझी आधीची दोन मृत्युपत्रे, त्यांतले एक गेल्याच महिन्यातले, रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा निखिल यास द्याव्यात. निखिल, स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बाबांनी उलटी बसवली होती. ती बदलू नकोस. बदललीस तरी चालेल. मला नक्की सांगता येत नाही.

२. माझी गिटार सोनाली बोरसे हिला द्यावी. ती कोण, ते पुढे येईल. शाळेत सिस्टर कॉन्स्टन्सनी मला प्रार्थनेसाठी तीन कॉर्ड शिकवल्या. त्याच तीन कॉर्डवर मी चाळीस वर्षे ब्लूज गायले, हे सिस्टरना कळवायचे राहून गेले. दर शनिवारी संध्याकाळी हॉटेलात गात असे. दारूबंदीचे राज्य, त्यामुळे लोक टोमॅटो सूप पीत दुःखाची गाणी ऐकत. सुरेश पहिल्या टेबलाशी बसत आणि चुकीच्या जागी टाळ्या वाजवत. ती जागा मी अजून सोडून गाते.

३. आमचे ड्रमवादक गजेंद्र सोनवणे यांना माझा तालाचे ठोके देणारा मेट्रोनोम द्यावा. १९८९ साली भर कार्यक्रमात ते मला म्हणाले होते, “वहिनी, तुमचा ताल सुटतो.” ताल सुटत होता, हे खरे आहे. सांगायची वेळ चुकली.

४. माझा एकमेव अल्बम ‘काठवर उभी’. तो गेल्या वर्षी भेस्तानला भूपेंद्र वाघ यांच्या घरातल्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्ड केला. मोबाइलवर ऐकता येतो, आणि सीडींची तीन खोकी माझ्या पलंगाखाली आहेत. त्यातली सात गाणी माझी आहेत. आठवे माझे नाही, आणि हे मृत्युपत्र मी त्यासाठीच लिहीत आहे.

मालतीबाई बोरसे नऊ वर्षे माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. त्यांचे यजमान पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होते. ते गेल्यावर मालतीबाई त्यांच्या खात्याचा अर्ज घेऊन माझ्या काउंटरला आल्या. मी विचारले, “मयताचे नाव?” पुन्हा विचारले. मागे रांग. त्यांनी पासबुक माझ्याकडे सरकवले. मला वाटले, लिहिता-वाचता येत नसेल. मी पासबुकात पाहून ‘शालिग्राम’ असे लिहून टाकले. अर्जावर स्वतःच्या नावातही त्यांनी मधली जागा कोरी ठेवली होती. तीही मी भरली.

त्या तांदूळ निवडताना स्वतः रचलेले एक अहिराणी गाणे म्हणतात. “तापीनं पानी वाहस, मी काठवर उभी.” हीच ओळ दुसऱ्यांदा, आणि मग उत्तर, “वाट देखस मी... दिवा लाईसन उभी.” एक ओळ दोनदा आणि तिसरीत उत्तर, ही तर ब्लूजची बांधणी. मी हरखून गेले. तिसऱ्या ओळीत ‘मी’नंतर त्या थांबत. मला वाटले, शब्द विसरल्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्या जागी ‘शालिग्रामनी’, म्हणजे शालिग्रामची, असे घातले. चालीत चपखल बसले. मला ते प्रेमाचे वाटले होते.

त्यांच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, ते गेल्यावरही नाही. हे मला माहीत होते. नऊ वर्षे माहीत होते. पण मी लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याला ‘सुरेश’ म्हणत आले, म्हणून ते माझ्या डोक्यात कधी उतरलेच नाही.

सोनाली ही त्यांची मुलगी. तिने घरी गाणे लावले. दुसऱ्या दिवशी मालतीबाई आल्या, भाकऱ्या केल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, “तुमी तेस्नं नाव काबरं लिधं, ताई?” त्यानंतर त्या तीन आठवडे आल्या नाहीत.

५. म्हणून गेल्या महिन्याच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की आठवे गाणे नष्ट करावे. मग सोनाली सांगून गेली, “आई रोज ऐकते. ती जागा आली की इअरफोन काढते, मग परत घालते.” मालतीबाईंनी तिच्याजवळ निरोपही दिला होता, “ऱ्हाऊ द्या. पन मी घरमा ऱ्हासू तवय लाऊ नका.” याचा अर्थ राग गेला असा होतो की नाही, मला कळले नाही. भूपेंद्र वैतागले. “आंटी, काढवानुं के राखवानुं? एक वात नक्की करो.” मी नक्की केले की गाणे ठेवावे, नाव पुसावे आणि त्या जागी गिटार वाजवावी.

६. कलम ५ आज पुन्हा बदलत आहे. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणाले. मालतीबाईंच्या नावे मी काही ठेवलेले नाही, तेव्हा साक्षीला याल का, असे सोनालीकरवी विचारले होते. त्या आल्या. मी त्यांना नवी जागा वाजवून दाखवली. त्यांनी माझ्या तारांवर हात ठेवला. म्हणाल्या, “तठे काही वाजाडू नका. तठे ते ऱ्हातस.”

तरी यापुढील सर्व प्रतींत त्या जागी नाव नसावे, गिटारही नसावी. एक श्वासभर काहीच नसावे. ‘शब्द : मृणाल चौबळ’ हे खोडून ‘शब्द : मालतीबाई बोरसे’ असे छापावे. या गाण्यावरचा माझा सर्व हक्क सोनालीचा. पलंगाखालच्या सीडींचे काय करावे, मला अजून समजत नाही. तूर्त खोकी बंद ठेवावीत.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केल्या. मालतीबाईंनी स्वतः लिहिले, अक्षर माझ्यापेक्षा सरळ. त्यांच्या नावातली मधली जागा चुकून राहिलेली नाही. निखिल, वकीलसाहेब, कोणीही ती भरू नये.

मृणाल सुरेश चौबळ

साक्षीदार :
१. भूपेंद्र लक्ष्मण वाघ, भेस्तान
२. मालतीबाई ............ बोरसे, पर्वत पाटिया

सुरत, दि. १९ नोव्हेंबर २०२५