एक चमचा

पडेगाव, औरंगाबाद
१८ जानेवारी १९९४

चि. गीता हिस सुगंधावहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी आई बरी आहे. विद्यापीठाचं नामांतर झाल्यापासून शहरात बंदोबस्त आहे, पण यांची वाळूजच्या कंपनीतली पाळी चालू आहे. काल येताना ते ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर टेम्पोत घालून घेऊन आले.

तू नाशिकच्या दवाखान्यातून चार दिवसांची रजा काढून आलीस आणि आमच्या मधल्या खोलीचाच दवाखाना करून गेलीस. विटा लावून उशाकडून उंच केलेली खाट, पायानं चालवायचं कफ ओढायचं यंत्र, नाकातून पातळ अन्न द्यायची नळी, भिंतीवर वेळा लिहिलेला कागद. शेजारची पारूबाई रोज येऊन बघते आणि म्हणते, "लेक असावी तर अशी! मायचा जीव वाचिवला बघ." मी चहा ठेवते.

तुझ्या आईला, माझ्या आत्याबाईंना, अर्धांगाचा पहिला झटका आला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दुधात भाकरी कुस्करून एकेक घास मी भरवला. ते पारूबाईला कधी दिसलं नाही. महिन्यापूर्वी दुसरा झटका आला, त्यांची वाचा गेली आणि तू आलीस. माझ्या हातातली वाटी काढून घेत म्हणालीस, "वहिनी, आता तोंडानं काहीच द्यायचं नाय. घास छातीत जाईल." तुझं बरोबरच होतं. पण मी जळले गं. घरात तेवढं एकच काम माझं होतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. संक्रांतीला मी गुळाची पोळी दुधात कुस्करली. आत्याबाई टक लावून बघत होत्या. वाटलं, माझ्या हातचं उतरेल घशाखाली. एकच चमचा दिला.

ठसका लागला आणि ओठ निळे पडले. हे कामावर, घरात मी एकटी. तुझा कागद वाचायला वेळ नव्हता. तू दाखवलं होतंस तसं त्यांना कुशीवर वळवलं, यंत्राची नळी तोंडात घातली आणि पाय मारत राहिले. दूध आलं, गूळ आला, मग श्वास आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासून गेले, छाती साफ आहे म्हणाले. त्यांना मी सगळं सांगितलं. तुला सांगायला चार दिवस लागले.

श्वास आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. महिनाभर गप्प असलेल्या तुझ्या आईनं विचारलं, "गीता?"

खरं सांगते, आधी मला रागच आला. मग मी म्हणाले, "व्हय, आई." बारा वर्षांत त्यांना आई म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. त्या शांत झोपल्या.

आता रोज त्याच नावानं हाक मारतात आणि मी रोज ओ देते. रागाव, पण लवकर ये. उशीर केलास तर हे नाव मी तुला परत देणार नाही.

तुझ्या आईची सध्याची गीता,
सुगंधा