मिनिटाला शहात्तर

अण्णा,

बारीक स्क्रूंसाठी पितळी चिमटा, ईसीजीच्या यंत्रातलं कागद ओढणारं दातेरी चाक, आणि चौसष्ट दिव्यांची फळी: एवढं मी स्वतःच्या हातानं केलं. कॉलेजात गेलो नाही, भंगारातली यंत्रं उघडून शिकलो. हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज कशी पसरते ते फळीवर दिसतं. बटण एकवर ठेवलं की एकच लाट ठरल्या वाटेनं गोल फिरते. ती वाट कुठंही तोडली की थांबते. दोनवर पाच-सहा लाटा फुटतात, एकमेकींना आडव्या जातात, इथं विझून तिथं पेटतात. तुमचा आजार दोनचा होता.

गुलमंडीच्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तुम्ही डोळ्याला भिंग लावून बसला आहात. जिना चढताना धाप लागते, म्हणता. मी तुमची नाडी धरतो, नजर लंबकाच्या घड्याळावर. पूर्ण मिनिट: शहात्तर. पुन्हा शहात्तर. ठोके मात्र कधी दोन लगोलग, कधी मध्ये भलतीच पोकळी. तुम्हीच शिकवलं होतं, घड्याळ दिवसभरात मागंपुढं झालं तरी आठ दिवसांनी रेडिओच्या वेळेशी जुळलं, की गिऱ्हाइकाला द्यायचं. मी रोज मोजू लागलो तसे तुम्ही हसलात. "काय रं, मला बी आठ दिवस ठिवून बघणार का?"

बघितलं. वहीत लिहिलं, सरासरी काढली. शहात्तर. बरे आहात, म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी तुमच्या हातातलं भिंग पडलं, तोंड वाकडं झालं, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. कप्पा नुसता थरथरत होता. त्यात साकळलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. हे समजायला मला चार वर्षं लागली.

आता तेच मला आहे. दोनदा हृदयात तारा घालून बिघडलेली जागा आतून जाळून झाली. गेल्या महिन्यात पुन्हा तारा घालून कप्प्याचा रंगीत नकाशा काढला. डॉक्टर पडद्यावर बोट फिरवत म्हणाले, "काका, एखादी जागा असती तर जाळली असती. आता सगळा कप्पाच तसा झालाय." मला ते त्यांच्या आधी दिसलं होतं, आणि त्याचाही मला अभिमान वाटला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. आईलाही कधी बोललो नाही. मी तुमची नाडी मोजत होतो त्याच आठवड्यात दुकानाच्या माडीवरचे डॉक्टर म्हणाले होते, वडलांना वर घेऊन या, ईसीजी काढून बघू. मी म्हणालो, गरज नाही, मी मोजलंय. पन्नास रुपये सांगितले होते.