अप्पांची तिसरी मेल

३ जून
एका कंपनीच्या नव्या यंत्रासाठी हॉटेलात अप्पांची पत्रकार परिषद. खुर्च्या चाळीस, माणसं चार! त्यातला एक हॉटेलचाच वाढपी. अप्पा तरी कोट चढवून उभे. बातमीचा कागद, फोटो, पेन घातलेल्या चाळीस पिशव्या मी रात्रीच भरून ठेवल्या होत्या.

पेपरात टेक्नॉलॉजीचं पान चालवणारे श्रीकंठमामा आले. खाराबाथ खाल्ला, मग म्हणाले, "नंजुंडा, पानच बंद झालं रे. मलाही घरी बसवलं. आता लोक कुठल्या कुठल्या पोरांची पत्रं वाचतात, मेलवर येतात ती."
अप्पा हसले. "पोरं काय लिहिणार डोंबल! आमच्या घरी आहे एक. नववीत शाळा सोडली. तोंडातून शब्द फुटत नाही."
मी तिथंच होते. पिशव्या आवरत.
रिक्षात खाराबाथचा डबा माझ्या मांडीवर. गरमच होता अजून.

४ जून
त्या पोरांतली एक मीच. हे फक्त इथे लिहितेय. दर रविवारी पत्र. मी कामाला जाते त्या रफीकभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात जी यंत्रं हाताळायला मिळतात त्यांवर, साध्या कन्नडात. नाव घेतलंय 'कत्ते'. गाढव. अप्पा चिडले की मला तेच म्हणतात. नऊ हजार लोक वाचतात! बोलावं लागत नाही ना, म्हणून जमतं.

९ जून
अप्पांची मेल आली – कत्तेला! 'आदरणीय संपादक महोदय.' एकच मेल दोनशे जणांना, सगळ्यांचे पत्ते वर उघडे. यंत्राचं नाव कर्णवीणा. कमी ऐकू येणाऱ्यांनी कानात घालायचं. 'क्रांतिकारी' सहा वेळा.
ते बनवणारी ही कंपनी गेली की अप्पांकडे प्रसिद्धीचं काम देणारं दुसरं कुणी नाही.
हॉलमधून दिवसभर अप्पांचे फोन – "मेल मिळाली का सर? ...सर? हॅलो?"
मी उत्तर दिलं नाही.

१२ जून
दुसरी मेल. 'प्रिय कत्ते महोदय.' मी हसले. मग रडले. अम्मा म्हणाली, "काय गं झालं, पुट्टी?" कांदा, म्हटलं. घरात कांदा नव्हता.

२० जून
अप्पा आठवडाभर कुणाला फोन करत नाहीत. चष्मा लावून काहीतरी वाचत बसतात. अम्मानं तीनदा हाक मारली की ताटावर येतात.

२३ जून
तिसरी मेल. जशीच्या तशी उतरवते –
'तुमची एकतीस पत्रं वाचली. अकराव्यात तुम्ही लिहिलंय, वर्गात उभं करून वाचायला लावलं की घसा बंद व्हायचा, आणि घरी कुणी कधी विचारलं नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. अजूनही तसं होतं का? यंत्र कुठे पाठवू? चांगलं लिहा असं म्हणणार नाही. दिसेल ते लिहा.'

मला कधी नाही विचारलं. गाढवाला विचारलं! मधे एक भिंत फक्त.
रफीकभाईंच्या दुकानाचा पत्ता दिला.

२८ जून
यंत्र दुकानात आलं, घरी आणलं. वरच्या मजल्यावरच्या वेंकोबरावांनी घालून बघितलं. "अगं पोरी, तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली! सात वर्षांनी!" नाचायचेच बाकी होते. दोन तासांनी कान लालभडक, वर फोड. मग मी स्वतः घातलं. दोनदा. दोन्ही वेळा तापलं. माझाही कान भाजला.
लिहिलं तर अप्पांचं काम गेलं. नाही लिहिलं तर आणखी किती वेंकोबराव?

२९ जून
लिहिलं. फोडाचा फोटो घातला. पाठवलं.


१ जुलै
कंपनीवाल्याचा फोन, स्पीकरवर. "त्या गाढवाला यंत्र दिलं कुणी?"
"मी दिलं," अप्पा म्हणाले. "लोकांचे कान भाजतायत, ते बघा आधी."
त्यानं फोन आपटला. संपलं.

दुपारी अप्पांनी बाहेरची पाटी काढली. 'नंजुंडय्या प्रसिद्धी सेवा.' स्टूल मी धरलं. सांगावंसं वाटत होतं – मी केलं हे, अप्पा. घसा बंद. ते खाली उतरले, माझ्या कानाकडे बघितलं, पाटी काखेत घेऊन आत गेले.
जेवायला गेले नाही मी. कोणत्या तोंडानं जाऊ?

२ जुलै
कत्तेला मेल –
'पुट्टी, अकराव्या पत्रालाच ओळखलं होतं. कानाला खोबरेल लाव. जेवायला ये, सारू गार होतंय. – अप्पा'