दोन कार्बोरेटर, एक नळी

४ ऑक्टोबर, रविवार

आज अंगणात गाड्या मावेनात! दातांच्या डॉक्टरची हिरवी, वकीलबाईंची सायीच्या रंगाची, मागे आणखी दोघांच्या, आणि मधोमध आमची लाल. सगळ्या दोन माणसांपुरत्या, बसक्या, जवळपास माझ्याच वयाच्या. तक्रारही सगळ्यांची एकच — "कानसेन, जरा बघा हो, धापा टाकतेय."

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलो, त्याचं हे फळ. या जुन्या रेसच्या गाड्यांना कार्बोरेटर दोन-दोन. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन रुसतं. बाजारात त्यासाठी मीटर मिळतो. पण आमच्या क्लबात मीटर वापरायचा नाही म्हणजे नाही! रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं — असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बस्स.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आहात म्हणून आमच्या गाड्या रस्त्यावर आहेत." तोंडाने छे छे म्हटलं, पण अंगावर मूठभर मांस चढलं!

मग हिचा नेहमीचा हुकूम — "हात धुवा. कोपरापर्यंत. त्या काळ्या हातांना कप मिळणार नाही." ग्रीस जाता जात नाही. बाहेर आलो तोवर चहा तयार. रिटायर झाल्यावर ऑफिसातला एकही माणूस फिरकला नाही, आणि ही मंडळी दर रविवारी माझ्या दारात. आणखी काय पाहिजे?

६ ऑक्टोबर, मंगळवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. गेलो कसला, हिने ओढत नेलं. टीव्ही म्हणे शेजाऱ्यांनाही ऐकू जातो.

काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. "आवाज आला की बटण दाबा." मी बोट ठेवून तयार. आवाजच येईना! वाटलं, मशीन बंद पडलंय. तेवढ्यात ती मुलगी दार उघडून म्हणाली — "झालं काका."

जाड आवाज येतात. बारीक गेले. डॉक्टर म्हणाले — पाखरांचा, वाफेचा, हवेचा, असे आवाज तुम्हाला बऱ्याच काळापासून येत नसणार.

बऱ्याच काळापासून! मग परवा मी ऐकला तो सूं कोणता?

ही बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "मळ." पुढे तिने काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

७ ऑक्टोबर, बुधवार

ही भाजी आणायला गेली तेव्हा गॅरेज गाठलं. इंजिन सुरू केलं, नळी कानात घातली. आला सूं! अगदी स्वच्छ. जीव भांड्यात पडला.

मग इंजिन बंद केलं. तरी सूं येतच राहिला.

८ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

पण मग गाड्या चालतात कशा? दातांच्या डॉक्टरला फोन केला, सहज म्हणून. "हिरवी काय म्हणते?" — "लोण्यासारखी चालतेय!" माणूस तोंडावर खोटं बोलणाऱ्यातला नाही. मग कानवाल्याचं मशीनच गंडलेलं नसेल?

ठरवलं. येता सोडून त्या पुढच्या रविवारी क्लबाची डोंगरावरची वार्षिक चढण आहे. लाल गाडी माझ्या हातांनी, माझ्या कानांनी सुरात लावायची. वर चढताना तिने धाप टाकली, तर माथ्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं — कान गेला. आणि गाडी क्लबातल्याच कुणाला तरी देऊन टाकायची. लावता येत नसेल तर ठेवून काय करू? नुसती पुसत बसू?

भंगारातून ओढून आणली तेव्हा ही आठवडाभर बोलली नव्हती. "लाल सवत" म्हणायची. मग एक दिवस चिडूनच म्हणाली, "आणा ती बॅटरी इकडे, तुम्ही एका हाताने काय काय करणार?" तेव्हापासून मी बॉनेटमध्ये वाकलो की उजेड हिच्या हातात. इतकी वर्षं.

११ ऑक्टोबर, रविवार

चोरासारखं वाटत होतं. सगळ्यांच्या गाड्या लावल्या. मान डोलावली, डोळे मिटले, स्क्रू फिरवले. सगळे भक्तिभावाने बघत होते — मलाच माझी लाज वाटली. शेवटी लाल. तिचे स्क्रू नुसत्या अंदाजाने फिरवले. तरी ऐटीत म्हणालो, "झकास!"

लगेच दातांचा डॉक्टर, "कानसेन, हात धुवा, चहा गार होतोय!" अजून गॅससुद्धा पेटला नव्हता! वेंधळा आहे, पण जिवाला जीव देणारा. मी हॉस्पिटलात होतो तेव्हा रोज येऊन लाल गाडी सुरू करून जायचा.

चहाला पेट्रोलचा वास येत होता. हिला सांगितलं, तर म्हणे, "तुमच्या मिशांना येत असेल."

१७ ऑक्टोबर, शनिवार

उद्या चढण. लाल गाडी दोनदा पुसली.

१८ ऑक्टोबर, रविवार

चढली!! हरणीसारखी चढली!

शेवटच्या वळणावर तर मी मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला — म्हटलं, टाकायची तर आत्ताच टाक धाप. कसली धाप! हिरवी मागे, सायीची मागे. ही शेजारी डोक्याला रुमाल बांधून, मान तिरकी करून बसली होती. "मान आखडली का?" विचारलं. "वारा लागतोय," म्हणाली. एकदाच म्हणाली, "आता तिसऱ्यात टाका." टाकला.

माथ्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंनी मिठी मारली. दातांचा डॉक्टर ओरडला, "कानाला मानलं बुवा!" मला रडू आलं. लपवलं नाही, पुसलंही नाही. खाली दरी, वर ऊन, आजूबाजूला आपली माणसं आणि इंजिन गार होताना येणारा तो टिक-टिक आवाज (तो मला येतो!). कुणाकुणाचे आभार मानू?

हिला म्हटलं, तर म्हणाली, "गाडीचे माना. आणि डबा उघडा, भूक लागलीय."

२० ऑक्टोबर, मंगळवार

कानवाल्याला फोन करून ठणकावून सांगितलं — श्रवणयंत्र नको. तुमचं मशीन तपासून घ्या! काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही. लाइन खराब.

हिला सांगितलं. "बरं," म्हणाली.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज हात धुताना नळाचं पाणी गेलं. साबणाचे हात घेऊन तसाच मागच्या दाराशी आलो.

हिरव्या गाडीचं बॉनेट उघडं. नळी हिच्या कानात. डोळे मिटलेले, मान तिरकी, हातात माझा स्क्रूड्रायव्हर. लाल गाडीचं बॉनेटही उघडं ठेवलेलं — तिचा नंबर नंतर असावा. दातांचा डॉक्टर बॅटरी धरून उभा, वकीलबाई पदराने नळीचं दुसरं टोक पुसायला तयार. सगळे चिडीचूप. मला कुणी पाहिलं नाही.

पाय न वाजवता परत आत गेलो. कोरड्या नळाखाली हात धरून उभा राहिलो. बराच वेळ.

मग आतूनच ओरडलो, "येऊ का? चहा झाला?"

"अजून नाही!" हिचा आवाज. "कोपरापर्यंत धुवा!"

"धुतोय," म्हटलं.