भंगारातून परत आणलेली पुस्तकं आणि त्यांची खोली

मी, सिद्धेश्वरी चन्नप्पा हत्तुरे, वय चौऱ्याहत्तर, भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सोलापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. धाकटा बंधू शिवकुमार याला त्याबद्दल शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची भौतिकशास्त्राची पाठ्यपुस्तकं मी आयुष्यभर जमवली. त्यांतली बरीचशी आमच्या कॉलेजने 'कालबाह्य' म्हणून बाहेर फेकलेली. तो निर्णय घेणाऱ्या माजी प्राचार्यांना त्यांतलं सर्वांत जाड पुस्तक द्यावं. गुरुत्वाकर्षणाचा नियम अजून तोच आहे; शंका असल्यास त्यांनी ते स्वतःच्या पायावर टाकून पाहावं.

२. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात असताना शिवकुमारने ही पुस्तकं भंगारात घातली आणि त्यांच्या खोलीत आपल्या नवी पेठेतल्या दुकानातल्या न खपलेल्या साड्या रचल्या. वॉकर धरून घरी आल्यावर मी जाब विचारला.

"अक्का, जुनीच होती की सगळी! फिजिक्स आता मोबाईलात असतंय."

मी तशीच रिक्षात बसले. सोबत आली ती फक्त त्याची सून उत्कर्षा. भंगाराच्या ढिगावर ती ओढणी खोचून चढली. निम्मी पुस्तकं लगद्याला गेली होती. उरलेली काढताना ती मध्येच थांबली. मला वाटलं, पत्रा लागला. तर वरून ओरडली, "आत्या, हितं समासात कुणीतरी सरांचं गणित उतरवून खाली लिहिलंय, 'सर चुकले'. आणि खरंच चुकलेत की!"

लग्नासाठी या मुलीला भौतिकशास्त्राची एम.एस्सी. अर्धवट सोडायला लावली होती. आमच्या घराने त्यानंतर तिला भाकरीखेरीज काही विचारलं नाही.

"हत्तुऱ्यांच्या सुनेनं भंगारात चढायचं? लोक काय म्हणतील?" शिवकुमार त्या संध्याकाळी गरजला. लोक काही म्हणाले नाहीत. मी मात्र साड्या व्हरांड्यात काढल्या.

३. माझं स्वकष्टार्जित घर आणि बाकी सर्व पुस्तकं एकट्या उत्कर्षाच्या नावे व्हावीत. तिच्या नवऱ्याच्या नाही, सासऱ्याच्या तर नाहीच. शिवकुमारने आपल्या साड्या न्याव्यात. तोवर त्या कोणी चोरणार नाही, याची हमी बाजाराने दिलीच आहे.

४. उत्कर्षा त्या खोलीत वाचत असताना कोणीही तिच्याकडे चहा मागू नये. ज्याला हवा त्याने स्वतः करावा. सोलापुरात पाणी शंभर अंशांच्या जरा आधीच उकळतं, त्यामुळे फार वेळ ताटकळावंही लागणार नाही.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

सिद्धेश्वरी चन्नप्पा हत्तुरे

साक्षीदार:
१. पूनम शिवयोगी म्हमाणे, शेजारी
२. डॉ. धनाजी कोळेकर

ठिकाण: सोलापूर
दि. ११ नोव्हेंबर २०२५